अँटेनाचं तोंड गुलबर्ग्याकडं

मराठवाड्यात टीव्ही मुंबईहून आला, असं आजच्या पोरांना वाटतं. आमच्या निलंगा-उमरग्याच्या पट्ट्यात तो गुलबर्ग्याहून आला आणि कानडी बोलत आला. मी जन्मभर टीव्ही दुरुस्तीचं काम केलं, आधी निलंग्यात, मग लातूरला गंजगोलाईजवळ. मधली बरीच वर्षं केबलही चालवली. या भागात छपराछपरावर चढलेला माणूस म्हणून हा इतिहास लिहून ठेवावा असं मनात होतं, कारण तो कुठं लिहिलेला मला सापडत नाही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावर मनोरा उभा राहिला आणि पुण्याला चित्र दिसू लागलं. 'आमची माती, आमची माणसं' हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम सुरू झाला, पुढं 'गजरा' आला, 'चिमणराव' आला. महाराष्ट्र टीव्ही बघतो असं वर्तमानपत्रं लिहायची तेव्हा त्या महाराष्ट्रात आम्ही नव्हतो. टीव्हीची लहर नजरेसारखी सरळ जाते. जमिनीची गोलाई आडवी आली की तिथं तिचा जोर संपतो. मनोरा कितीही उंच असला तरी शंभर-सव्वाशे किलोमीटरपुढं भरवसा नाही. मुंबई आमच्यापासून सरळ रेषेत जवळपास चारशे किलोमीटर. बालाघाटाचा डोंगर नसता तरीही आम्हाला काही दिसलं नसतं.

मात्र गुलबर्गा निलंग्यापासून सरळ रेषेत नव्वद किलोमीटरच्या आत आहे आणि उमरग्यापासून साठ. या अंतरानंच आमच्याकडच्या टीव्हीचा इतिहास ठरवला.

गुलबर्ग्याकडं टीव्ही पोचला तो अमेरिकेच्या उपग्रहामुळं. विक्रम साराभाईंनी पाहिलेलं ते स्वप्न होतं: शहरांना वळसा घालून थेट खेड्यात टीव्ही न्यायचा. ते गेल्यावर १ ऑगस्ट १९७५ ला त्याचा प्रयोग सुरू झाला. एटीएस-६ हा उपग्रह एका वर्षासाठी भारताला मिळाला होता. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत सरकारनं संच बसवले. कर्नाटकातले गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर हे तीन जिल्हे त्यात होते. आंध्रातला मेदकही होता. म्हणजे आमच्या दक्षिणेला प्रयोग, पूर्वेलाही प्रयोग, आणि मधला मराठवाडा कोरडा. कार्यक्रम हिंदी, कानडी, तेलुगू आणि उडिया या चार भाषांत असायचे. मराठी त्यात नव्हती, कारण महाराष्ट्रच त्यात नव्हता.

माझी आत्या पलीकडं कर्नाटकात, आळंद तालुक्याच्या बाजूला दिलेली. आमच्याकडं सोयरीक करताना कोणी राज्याची हद्द बघत नाही. तिच्या घरी गेलो असताना शेजारच्या खेड्यात शाळेपुढं तो संच मी पाहिला. बाहेर बारीक तारेच्या जाळीची मोठी छत्री आभाळाकडं तोंड करून उभी, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी. संध्याकाळी सगळं गाव जमिनीवर बसलेलं. भाताच्या रोगावर काहीतरी चालू होतं. आत्याचे सासरे मला म्हणाले, "बघ रे पोरा, दिल्ली बोलायलीय अन् आपल्या भाषेत बोलायलीय." मी शाळकरी पोर. मला कानडी थोडी समजत होती, पण माझं लक्ष छत्रीकडं होतं. हे चित्र येतं कुठून, हा एकच प्रश्न डोक्यात बसला आणि त्यानंच माझा धंदा ठरवला. तो संच हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कारखान्यात बनला होता, हे मला फार नंतर कळलं.

३१ जुलै १९७६ ला वर्ष संपलं आणि उपग्रह परत गेला. पण प्रयोगाच्या भागातल्या लोकांना एकदम अंधारात टाकायचं नाही म्हणून सरकारनं काही ठिकाणी जमिनीवरची प्रक्षेपण केंद्रं उभारली. १९७७ मध्ये गुलबर्ग्याला असं केंद्र आलं. त्याच वर्षी हैदराबाद दूरदर्शन सुरू झालं. आमच्या पट्ट्यातल्या सधन घरांना तेव्हा हिशेब कळला: गुलबर्ग्याला दिसतं तर उंच चढल्यावर आपल्यालाही दिसेल.

इथून माझा धंदा सुरू झाला. रेडिओ दुरुस्ती मी शिकलोच होतो. माल आणायला हैदराबादला कोठीतल्या गुजराती गल्लीत जायचं, आम्हा सगळ्या मेकॅनिकांची ती पंढरी. अँटेनाच्या अॅल्युमिनियमच्या काड्या, चपटी दुपदरी वायर, बूस्टर, पिक्चर ट्यूब, सगळं तिथं मिळायचं. संच बहुतेक ईसी टीव्ही, तोही हैदराबादचाच. लाकडी खोका, पुढं सरकती दारं, दाराला कुलूप. घरात पोरं असली की बाप किल्ली कडोसरीला लावायचा.

अँटेना बसवणं हे खरं कौशल्याचं काम होतं. चाळीस-पन्नास फूट लोखंडी पाइप, चारी बाजूंनी तारांचे ताण. वरती लांब आडवी दांडी आणि तिच्यावर काड्या. मागची काडी लांब, मध्ये वळवलेली दुहेरी काडी जिला वायर जोडायची, आणि पुढं क्रमानं आखूड होत जाणाऱ्या काड्या. पुढच्या काड्या जितक्या जास्त तितकी ती दूरचं धरते, पण तितकीच हट्टी होते. दोन बोटं इकडंतिकडं झाली तरी चित्र गेलं. म्हणून एक माणूस छपरावर, एक दारात, एक टीव्हीपुढं.

"आलं का?"

"मुंग्याच हायत अजून!"

"आता?"

"माणूस दिसायलाय, पण दोन दिसायलेत!"

दोन माणसं दिसली म्हणजे लहर कुठं तरी आपटून दुसऱ्या वाटेनंही येतीय. पाण्याच्या टाकीवर म्हणा, दालमिलच्या पत्र्यावर म्हणा. मग पाइप चार हात बाजूला घ्यायचा. थंडीच्या दिवसांत पहाटे आणि रात्री चित्र अगदी स्वच्छ यायचं. जमिनीलगत गार हवा आणि वर उबदार हवा असा थर बसला की लहर त्या थराखाली वाकून फार दूर जाते. अशा रात्री कधी कधी हैदराबादही दिसायचं. लोक शेजाऱ्याला उठवायला जायचे. उन्हाळ्याच्या दुपारी सगळं गायब. हे गणित मला कोणी शिकवलं नाही, छपरावर बसून उमगलं. अँटेनाचं गणित मुळात जपानच्या यागी आणि उदा या दोघांनी मांडलं, हे पुस्तकात नंतर वाचलं.

टीव्हीला तेव्हा परवाना लागायचा. वर्षाचे पन्नास रुपये टपाल कचेरीत भरायचे. ही पद्धत इंग्रजांची. १९८५ मध्ये ती आपल्याकडं बंद झाली. इंग्लंडात आजही आहे. या परवान्यावरून तिकडं वेल्समध्ये काय घडलं ते मी नंतर वाचलं आणि ते माझ्या मनातून जात नाही. वेल्स हा ब्रिटनचा एक भाग. त्याची भाषा वेगळी आणि १९८१ मध्ये ती बोलणारे लोक पाच लाखांच्या आसपास. आमच्या एकट्या नांदेड जिल्ह्यात तेव्हाही त्याहून कितीतरी जास्त माणसं होती. त्या पाच लाखांनी आपल्या भाषेची वाहिनी मागितली. सरकारनं कबूल केलं आणि शब्द फिरवला. मग लोकांनी परवान्याचे पैसे भरायचं नाकारलं, आणि ग्वीनफोर एव्हन्स नावाच्या त्यांच्या वयोवृद्ध पुढाऱ्यानं आमरण उपोषण जाहीर केलं. उपोषणाच्या आधीच सरकार नमलं. ती तारीख होती १७ सप्टेंबर १९८०. आमच्याकडं मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन चालू असेल तेव्हा. १ नोव्हेंबर १९८२ ला त्यांची 'एस-फोर-सी' ही वाहिनी सुरू झाली.

त्याच १९८२ साली आपल्याकडं काय झालं? १५ ऑगस्टला दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, रंगीत प्रक्षेपणही सुरू झालं. दुसऱ्या दिवशी, १६ ऑगस्टला, उस्मानाबादमधून वेगळा होऊन लातूर जिल्हा जन्माला आला. देश एका पडद्यावर येत होता आणि आमचा जिल्हा नकाशावर येत होता. मात्र त्या पडद्यावर या जिल्ह्यासाठी जागा ठेवलेली नव्हती.

रंगीत टीव्हीसाठी नागपूरच्या वसंत साठेंनी माहिती-प्रसारण मंत्री म्हणून फार जोर लावला. चैन आहे, म्हणून त्यांच्यावर टीका झाली, पण ते हटले नाहीत. रंगाची जी पद्धत भारतानं घेतली ती युरोपातली 'पाल', जर्मनीत टेलिफुंकन कंपनीच्या वाल्टर ब्रुख या अभियंत्यानं शोधलेली. पहिला रंगीत संच उघडला तेव्हा त्यात काडेपेटीएवढा एक तुकडा होता, आत काचेचा. त्याला आम्ही डिले लाइन म्हणायचो. चित्राची एक ओळ त्या काचेत ६४ मायक्रोसेकंद थांबते आणि पुढच्या ओळीला भेटते. 'पाल'मध्ये एका आड एक ओळीत रंगाची खूण उलटी करून पाठवतात. वाटेत रंगात चूक शिरली तर एका ओळीत ती लालाकडं झुकते, दुसरीत उलट बाजूला. काचेत थांबलेली ओळ आणि ताजी ओळ एकत्र केली की दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात, रंग खरा राहतो. अमेरिकेच्या पद्धतीत हे नाही, म्हणून तिथल्या संचावर रंग जुळवायचं वेगळं बटण असायचं. इतकी देखणी युक्ती मी दुसरी पाहिलेली नाही. पुढं चितेगावला धूत कुटुंबाचा व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला, तेव्हा मराठवाड्यातच रंगीत संच बनू लागले आणि आमचे हैदराबादचे फेरे कमी झाले.

इन्सॅट-१बी ऑगस्ट १९८३ मध्ये आकाशात गेला. १९८४ मध्ये देशभर भराभर लघुशक्ती केंद्रं उभी राहिली, आणि आमच्या भागातल्या मोठ्या शहरांनाही ती येऊन पोचली. शंभर वॉटचं यंत्र, एक छत्री, एक मनोरा, दोन खोल्या. आवाका पंधरा-वीस किलोमीटरचा. लातूरकरांनी अँटेना खाली उतरवल्या, कारण आता आखूड काड्याही पुरत होत्या. 'हम लोग' आलं, ३१ ऑक्टोबरनंतर इंदिराजींची अंत्ययात्रा दिसली, पुढं 'रामायण' आणि 'महाभारत' आलं. त्या रविवारांबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी पुन्हा लिहीत नाही. निलंगा, देगलूर, किनवटच्या लोकांना मात्र मुंग्याच होत्या. पुढं अंबाजोगाईला उच्चशक्ती केंद्र झालं, तेव्हा कितीतरी छपरांवर चढून मी अँटेना दक्षिणेकडून वायव्येला फिरवल्या.

पण त्या दोन खोल्यांत कॅमेरा नव्हता, स्टुडिओ नव्हता. दिल्लीचं घ्यायचं आणि पुढं द्यायचं, एवढंच काम. लातूरच्या आडत बाजारात तुरीचा भाव पडला, गोदावरीला पूर येऊन नांदेडच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तरी त्या मनोऱ्यावरून एक शब्द बाहेर पडू शकत नव्हता. आमच्या मनोऱ्याला कान होते, तोंड नव्हतं. मुंबईचे मराठी कार्यक्रमसुद्धा उपग्रहावरून आमच्यापर्यंत यायला पुढं काही वर्षं गेली. १९९४ मध्ये मराठी उपग्रह वाहिनी सुरू झाली, जिला पुढं सह्याद्री नाव मिळालं. तिच्यावर मराठवाडा दिसायचा, पण मुंबईहून कोणी आलं तर.

ही वाहिनी यायच्या आदल्याच वर्षीची, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती बुडवून लोक झोपले होते. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. दगड-मातीच्या जाड भिंतींनी माणसं गाडली. सुमारे दहा हजार माणसं गेली, बावन्न गावं पुन्हा नव्यानं वसवावी लागली. तोवर स्टार टीव्हीवरून बीबीसी भारतात दिसत होती, झी सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. किल्लारी आणि सास्तूरची चित्रं जगभर गेली आणि जगभरातून मदत आली. ती मदत चित्रांमुळं आली, हे मी कधी नाकारणार नाही. पण आमच्या बाजूला तेव्हा वीज नव्हती. लंडनमध्ये, दुबईत लोक आमच्या गावची माती बघत होते आणि आम्ही ट्रान्झिस्टरला कान लावून आमचीच बातमी ऐकत होतो. माझ्या ओळखीच्या एका घरातल्या वाचलेल्या मुलाला त्याच्या आईबापाची चिता कॅमेऱ्यानं टिपली होती हे नंतर कोणीतरी सांगितलं. ते चित्र कुठं मिळेल, म्हणून तो माझ्या दुकानात आला. त्याच्याकडं आईबापाचा दुसरा फोटो नव्हता. त्याला काय सांगायचं मला कळलं नाही. ते चित्र कोणत्या देशात, कोणत्या कपाटात असेल, आजही सांगता येत नाही.

याच काळात लातूरच्या एका माणसानं टीव्हीच्या इतिहासात मोठं काम केलं, त्याची आमच्याकडं पुरेशी आठवण ठेवली जात नाही. चाकूरचे शिवराज पाटील १९९१ ते १९९६ लोकसभेचे अध्यक्ष होते. त्यांच्या काळात, डिसेंबर १९९४ पासून, संसदेचा प्रश्नोत्तराचा तास दूरदर्शनवर थेट दिसू लागला. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सनं कॅमेरा आत घेतला तो नोव्हेंबर १९८९ मध्ये, तोही वर्षानुवर्षं वाद घालून. आपण फक्त पाच वर्षांनी मागं होतो. दुकानात काउंटरवरच्या टीव्हीवर खासदार मंत्र्याला अडवतोय हे बघायला हमाल, आडते, कॉलेजची पोरं उभी राहायची. कापसावर प्रश्न आला की आवाज मोठा करायला सांगायची.

मराठवाड्याला स्वतःच्या बातम्या रोज दिसू लागल्या त्या २००० मध्ये, आणि पुन्हा हैदराबादहूनच. ईटीव्ही मराठी रामोजी फिल्म सिटीतून चालायची. जिल्ह्याजिल्ह्यात वार्ताहर, आणि बातमीचं टेबल हैदराबादला. नांदेड-लातूरची कितीतरी पोरं रेल्वेनं हैदराबाद गाठून तिथं मराठी बातम्या लिहू लागली. निजामाच्या अमदानीत आमचे आजोबा कचेरीच्या कामाला तिकडंच जायचे, शिकायला तिकडंच जायचे. नांदेडची रेल्वे आजही सिकंदराबादच्या मुख्यालयाखाली चालते. राज्यं बदलली तरी आमचा रस्ता फारसा बदलला नाही. पुढं मुंबईच्या चोवीस तास बातम्यांच्या वाहिन्या आल्या, ईटीव्ही मराठीचं २०१५ मध्ये कलर्स मराठी झालं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा स्टेशनबाहेर वाहिन्यांच्या गाड्यांची रांग लागली होती. किल्लारीनंतर इतके कॅमेरे मी लातुरात पाहिले नव्हते. आमचं दुःख मोठं झालं की आम्ही दिसतो.

या सगळ्यात आमचं रोजचं जगणं कोणी टिपलं असेल तर ते गावोगावच्या केबलवाल्यांनी. १९९१ नंतर छपरावर बारा-सोळा फुटी जाळीची छत्री टाकून आम्ही केबल ओढली. एक वाहिनी स्वतःसाठी मोकळी ठेवायचो, तिला लोक लोकल चॅनेल म्हणायचे. लग्नाच्या शूटिंगचा व्हीएचएस कॅमेरा खांद्यावर घेऊन पोरं बातमीला जायची. खाली आडत बाजाराचे भाव सरकायचे. लातूरच्या सिद्धेश्वराची यात्रा, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतला घोड्या-गाढवांचा बाजार, नांदेडच्या हुजूर साहिबची हल्लाबोल मिरवणूक, नगरपालिकेतली भांडणं, बारावीच्या निकालाचा दिवस, भूकंपग्रस्तांच्या नव्या गावांचे गृहप्रवेश, सगळं टेपवर आहे. चित्र हलतं, आवाज फाटतो, पण त्यात आमची माणसं आमच्या बोलीत बोलतात. किल्लारीच्या पुनर्वसनावर बायका अधिकाऱ्याला काय बोलल्या, ते फक्त याच टेपांत मिळेल. सेटटॉप बॉक्सची सक्ती आली तेव्हा छोटे केबलवाले मोठ्या कंपन्यांना जोडले गेले आणि बहुतेक लोकल चॅनेल बंद पडले. दूरदर्शनची जमिनीवरची जुनी केंद्रंही मार्च २०२२ पर्यंत जवळपास सगळी बंद झाली. आता सगळं आभाळातून आणि मोबाइलमधून येतं.

टेपा मात्र पोत्यांत, माळ्यांवर पडल्यात. व्हीएचएस टेपेला आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरते. फितीवरची तपकिरी भुकटी सुटली की चित्र कायमचं गेलं. बुरशी लागलेली टेप लावली तर व्हीसीआरचा हेडही बसतो, तो सेकंदाला पंचवीस वेळा फिरत असतो. नवा हेड आता मिळत नाही. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, ती बनवणारी शेवटची कंपनी.

वेल्सनं इथंही वाट दाखवलीय. अॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात २०२३ पासून वेल्सच्या प्रसारणाचा संग्रह लोकांसाठी खुला आहे. कोणीही जावं, आपल्या गावची जुनी चित्रफीत बघावी. आपल्याकडं नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, तिथं माध्यमशास्त्र संकुल आहे, लातूरला उपकेंद्र आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना एकेक तालुका वाटून द्यावा. केबलवाल्यांच्या, लग्नाच्या फोटोग्राफरांच्या घरी जाऊन टेपा गोळा कराव्यात, वर तारीख आणि गाव लिहावं, उभ्या ठेवाव्यात, आडव्या नकोत, आणि एकेक करून संगणकावर उतरवाव्यात. माझ्याकडच्या टेपा मी आजच द्यायला तयार आहे. चालू स्थितीतले व्हीसीआर आहेत, जपून ठेवलेले जादा हेड आहेत, ते बसवता येणारे हात आहेत. शिकायला पोरं आली तर शिकवीन, पैसे लागणार नाहीत. दुकान दुपारनंतर उघडं असतं.